मधली पायरी

काजानीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात
एकच खोली आठवड्याचे सहा दिवस रिकामी असायची.
म्हणून मी सौनाचा फ्यूज काढून
चमच्यांच्या खणात टाकला
आणि मोजपट्टी घेऊन आत गेले.

दोन मीटर गुणिले दीड.
भिंतीला धरून तीन लाकडी पायऱ्या.
मधली जमिनीपासून एकाहत्तर सेंटिमीटर :
सुतार कुणीही असो, त्याला चाळीस वर्षांपूर्वीच कळलं होतं
माझं कोपर कुठे येणार ते.

खुर्ची, बंद पडलेल्या बँकेच्या लिलावातली, पस्तीस युरोला.
तिच्या पाठीत अजून कुणा रोखपालाचा बाक आहे,
तो मी उशीने भरून काढते.
दिवा बदलला. जाळीआडचा मिणमिणता पिवळा
घाम गाळायला ठीक, जमाखर्चाला नाही.
लाकडी बादलीत वायरींचं वेटोळं,
पाणी ओतायच्या ओगराळ्यात पेनं,
शेगडीवरचा एक काळा दगड कागदांवर,
वारा इथे येणार कुठून, तरी.
वरच्या पायरीवर प्रिंटर.

इंटरनेट मात्र येईना.
खालच्या मजल्यावरचा वाल्तेरी आला,
भिंतीवर टिचकी मारून हसला :
"तेल्लेर्वोबाई, या फळ्यांमागे सगळीकडे चंदेरी कागद आहे,
वाफ बाहेर जाऊ नये म्हणून लावलेला.
त्यातून आतही काही यायचं नाही."
दाराखालून एक केबल ओढली, तेवढी आली.
फोन नाही, बातम्या नाहीत,
धाकट्या बहिणीचे सल्ले नाहीत.
पहिल्याच आठवड्यात तीन लाकूडकंपन्यांचे
रखडलेले हिशेब हातावेगळे झाले.
कंबर दुखली नाही.
थर्मामीटर बावीसवर, गपचूप.

उर्हो काही बोलला नाही.
त्यात नवल ते काय,
एकतीस वर्षं तोडणीयंत्राच्या काचेत
एकट्याने बसून काढलेला माणूस.
नुसतं "हो" म्हणायला त्याला
अर्धा कप कॉफी लागते.

सहाव्या आठवड्यात एक हिशेब जुळेना.
कंपनीचा नव्हे.
त्याच्या भावाने तळ्याकाठची जमीन विकली की ठेवली?
गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख कोणती?
असलं मला नेहमी माहीत असायचं.
कुठून?
मी खुर्ची फिरवून वर पाहिलं.
शनिवारी, तिथून, अंधारात,
माझ्याकडे न बघता,
पाण्याच्या दोन ओगराळ्यांच्या मधे
तो एकेक वाक्य खाली सोडायचा.
वाफेच्या चरचराटात ते निम्मंच ऐकू यायचं,
पुरायचं.

मी तिथे प्रिंटर ठेवला होता.

परवा बाहेर उणे सत्तावीस.
मी नोव्हेंबरचा व्हॅट भरत होते.
दार उघडलं. अंगावर सगळे कपडे, खांद्यावर टॉवेल.
एक शब्द न बोलता त्याने प्रिंटर उचलून
माझ्या पायाशी ठेवला,
दुखरा गुडघा आधी, मग उरलेला उर्हो,
असा तो वर चढून बसला.
आणि सवयीने हात लांबवून
ओगराळं उपडं केलं.

थंड दगडांवर पेनं खडखडली.
लाल एक खाली फटीत गेलं, ते अजून तिथेच आहे.

"दार लाव," मी म्हटलं.
त्याने लावलं.
बराच वेळ गेला. मग वरून,
"विकलं भावाने."
आणि आणखी बऱ्याच वेळाने,
"तळं नाही म्हणा. तळं कसं विकणार."

मी पडद्याचा उजेड कमी केला.
रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला
एका आकड्याची वाट पाहत.
भरायची मुदत बारा तारखेपर्यंत आहे.
फ्यूज चमच्यांच्या खणात आहे.
मी खुर्ची जराशी खाली घेतली,
मान वर करायला बरी पडते.